खचलेल्या मित्राला बायबलमधून धीर कसा द्यावा, त्याला उपदेश वाटू न देता?

मित्राची नोकरी गेलीय, त्याने चर्चला येणं सोडलंय आणि तुम्ही त्याला पाठवायला वचनं शोधताय. त्यातून यिर्मया 29:11 आधी काढून टाका. देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत, एवढंच सगळे फॉरवर्ड करतात. त्याच्या वरचं दहावं वचन कुणी वाचत नाही. ते पत्र बाबेलला पकडून नेलेल्या यहुदी बंदिवानांना आहे आणि परत यायला सत्तर वर्षं लागतील असं त्यात लिहिलंय. ज्याचा हप्ता पाच तारखेला कापला जातो, त्याला हे पाठवणार?

नगरला एमआयडीसीतली आमच्या मिस्टरांची कंपनी बंद पडली, तेव्हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. दाढी नाही, धड जेवण नाही. मंडळीतले एक ज्येष्ठ, नात्याने माझे मावससासरे, रविवारी उपासना सुटली की यायचे. सलाम घातला की टेकायच्या आत बायबल उघडलेलं. एकदा म्हणाले, "घरात कुठंतरी पाप लपलंय. ते आधी कबूल करा." मुलं आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली, सगळं ऐकत होती. मी चहाखालचा गॅस बंद केला आणि बाहेर येऊन म्हटलं, "अण्णा, ईयोबाचे मित्रही हेच सांगत होते. शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर निघाला." (ईयोब म्हणजे बायबलमधला, काही दोष नसताना सगळं गमावलेला माणूस.) त्यावर, सुनांनी शास्त्र शिकवू नये, असं ऐकावं लागलं. तो वाद अजून मिटलेला नाही, पण ईयोबाच्या पुस्तकात 42व्या अध्यायात तसंच लिहिलंय, त्याला मी काय करू? त्या मित्रांनी एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. सुरुवातीला सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

मिस्टरांचा एक जुना मित्र, चर्चमधलाच, संध्याकाळी गाडीवर घालून त्यांना चक्कर मारून आणायचा. पीएफचा क्लेम त्यानेच भरला, हप्त्याचं बोलायला बँकेतही सोबत गेला. देवाचं नाव त्याने काढलं नाही. पुढे एकदा मिस्टरच भडकले, "तू एवढा विश्वासाचा, सांग ना देव कुठंय!" तेव्हा त्याने स्तोत्र 13 वाचलं. 'मला किती काळ विसरणार' असं दावीद तिथे थेट देवालाच विचारतो. मिस्टर उठून बसले. "हे बायबलात आहे?" म्हणाले, आणि पुस्तक हातातून ओढून घेतलं.

म्हणजे तो विचारेपर्यंत गप्प राहा आणि कामाला लागा. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने प्रवचन दिलं नाही. दोनदा उठवून भाकर-पाणी दिलं, मधे झोपू दिलं.

हे सगळं मित्र ख्रिस्ती आहे असं धरून लिहिलंय. नसेल, तर तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का, एवढं एकदा विचारा आणि नाही म्हणाला तर विषय संपवा. अडलेल्या माणसापुढे धर्म ठेवला की मदतीचाही संशय येतो, आणि तो येणारच. मरणाची भाषा करत असेल तर वचनं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही आहे.

डॉक्टरांनी मिस्टरांना गोळ्या दिल्या तेव्हा अण्णांनी त्याला अविश्वास म्हटलं होतं. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौलानेच लिहून ठेवलंय. आणि अण्णांची बीपीची गोळी रोज सकाळी चालू आहे. त्यांच्या मुलाने हे उत्तर वाचलं तर त्यांना खुशाल दाखवावं.