टायरच्या कडेवरचे आकडे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: जुन्या टायरवर ‘१८५/६५ आर१५ ९२टी एक्सएल’ लिहिलंय. दुकानदार ‘१८५/६५ आर१५ ८८एच’ देतोय. साइज तीच, उलट वेगाचं अक्षर वरचं आहे, असं त्याचं म्हणणं. घ्यावा का?

साइज तीच आहे आणि अक्षरही वरचंच आहे. गफलत त्याच्या आधीच्या आकड्यात आहे. ९२ आणि ८८ हे भार-निर्देशांक. ते किलो नव्हेत, तक्त्यातले क्रमांक आहेत: ९२ म्हणजे ६३० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. म्हणजे दर चाकामागे ७० किलोंची ताकद कमी होते. गाडी रिकामी असताना काहीच जाणवणार नाही. पाच माणसं, भरलेली डिकी आणि लांबचा पल्ला असं जुळून आलं, की कमी ताकदीचा टायर जास्त दबतो, कड सतत वाकून तापते आणि आतले थर सुटायला लागतात.

एक्सएल म्हणजे ‘एक्स्ट्रा लोड’, जादा भाराचा टायर. तो जास्त भार पेलतो तो जास्त हवेच्या जोरावर. साध्या टायरची क्षमता साधारण ३६ पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) धरलेली असते, एक्सएलची ४२ ला. त्यामुळे ८८ च्या टायरमध्ये जादा हवा भरली की तो ९२ चा झाला, असं होत नाही.

पण निर्णय जुन्या टायरवरून घेऊ नका. आधीच्या कुणीतरी एक्सएल हौसेनेही बसवलेला असू शकतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि गाडीची पुस्तिका बघा. तिथे ८८ असेल तर हा टायर खुशाल घ्या, ९२ असेल तर नको. उलट, ८८ मागणाऱ्या गाडीला ९२ चालतो.

अक्षराचंही तसंच: पुस्तिकेतलं किंवा त्याच्या वरचं हवं. टी म्हणजे ताशी १९० किमी, यू २००, एच २१०, व्ही २४०. एच मध्येच कसा घुसला म्हणून गोंधळू नका, क्रम खरोखरच असा आहे.

प्रश्न: माझ्या गाडीला १८५/६५ आर१५ आहेत. जरा रुंद म्हणून १९५/६५ आर१५ बसवले तर? रिम तेच ठेवायचे आहेत.

इथे बहुतेकजण एक गोष्ट विसरतात: १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, पण ६५ हे मिलिमीटर नाहीत, त्या रुंदीचे टक्के आहेत. रुंदी वाढवली की टायर उंचही होतो. हिशोब करून बघा:

१८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. ही एका बाजूच्या कडेची उंची. वर आणि खाली मिळून २४०.५. रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिमी. चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिमी.

१९५/६५ चा व्यास याच रीतीने ६३४.५ येतो, म्हणजे सुमारे २ टक्के जास्त. काटा १०० दाखवत असेल तेव्हा गाडी आधीपेक्षा साधारण २ किमीने जास्त पळत असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा गाडी भरल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याचीही शक्यता असते. रुंदीच वाढवायची तर १९५/६० आर१५ जवळचा पडतो: ६१५ मिमी, फरक एका टक्क्याचा.

आधी रिमची रुंदी मात्र बघा. ती रिमवरच, बहुधा आतल्या बाजूला, ‘५½जे × १५’ अशी कोरलेली असते. १९५/६५ ला किमान साडेपाच इंच लागतात. ५जे रिमवर तो बसवू नका, कडा आत ओढल्या जाऊन वळणावर टायर डोलतो.

आणि आर म्हणजे त्रिज्या नव्हे, रेडियल. आतले दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे टाकलेले असतात, ती रचना.

प्रश्न: टायरवर ‘मॅक्स प्रेशर ५१ पीएसआय’ असं आहे. तेवढी हवा भरायची का?

नाही, ती टायरची कमाल मर्यादा आहे. भरायची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असते. बहुतेक गाड्यांना ३० ते ३६ च्या आसपास. ५१ भरलीत तर टायर मधोमध फुगतो, मधला पट्टा आधी झिजतो आणि ब्रेक लावताना पकड कमी पडते. कमी हवेत दोन्ही बाजूंचे पट्टे झिजतात. दाब तपासताना टायर थंड हवा, गाडी निदान तीन तास उभी असलेली.

प्रश्न: टायर कधी बनला, ते कुठे लिहिलेलं असतं?

‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे. १४२२ म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. नक्षी कितीही शाबूत दिसो, तो वापरू नका. तारीख सापडली नाही तर चाकाच्या आतल्या बाजूला पाहा, पुष्कळदा ती एकाच कडेवर असते. स्टेपनीचीही बघून घ्या. न वापरलेलं रबरही जुनं होतंच.