'सुकियाकी' हे जपानी गाणं ऐकायला आनंदी वाटतं, मग त्याला दुःखाचं गाणं का म्हणतात?

कारण ते एक लढा हरल्यावर लिहिलेलं गाणं आहे. चाल हसरी आहे, पण शब्द रडू आवरणाऱ्या माणसाचे आहेत. रात्री तो एकटाच चाललाय, डोळ्यांतलं पाणी ओघळू नये म्हणून मान वर करून. चांदण्या मोजतोय, पण त्याही अंधुक दिसतायत.

मूळ नाव 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे वर बघत चालू या. शब्द रोकुसुके एई यांचे, संगीत हाचिदाई नाकामुरा यांचं. १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये प्रचंड आंदोलन झालं. १५ जूनला संसदेच्या आवारातल्या झटापटीत मिचिको कांबा ही विद्यार्थिनी मरण पावली आणि चार दिवसांनी करार मंजूर झालाच. एई त्या आंदोलनात होते. मोर्चातून घरी परततानाची निराशा त्यांनी गाण्यात उतरवली, पण राजकारणाचा एक शब्दही येऊ दिला नाही. मला हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. म्हणून तर ज्याला त्याला ते आपलं दुःख वाटतं.

१९६१ साली क्यू साकामोतोने ते गायलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तो स्वर मध्येच तोडत, उचकी लागल्यासारखं गातो. एईंना आधी हे मुळीच रुचलं नव्हतं असं सांगतात. आपल्या कानाला चालीची सुरुवात ओळखीची वाटेल, कारण ती भूपाच्या पाच स्वरांत आहे. पण 'सुख ढगांच्याही वर आहे' ही ओळ आली की लगेच पुढे संगत मायनरकडे, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या उदास स्वरमेळाकडे झुकते आणि गाण्याचा चेहराच उतरतो. पुढे एक कडवं तो नुसतीच शीळ घालतो. गळा दाटल्यावर बोलता येत नाही, तसं मला ते ऐकू येतं.

'सुकियाकी' हा मांसाचा एक पदार्थ; गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. इंग्रजांना उच्चारायला सोपं म्हणून ब्रिटनच्या 'पाय रेकॉर्ड्स' या ध्वनिमुद्रिका कंपनीने ते नाव दिलं आणि अमेरिकेतही तेच राहिलं. १५ जून १९६३ च्या बिलबोर्ड यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत, गाणं पहिलं आलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. जपानी भाषेतलं दुसरं एकही गाणं अजून तिथवर पोहोचलेलं नाही. त्या तारखेला कांबाच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षं होत होती. ज्या देशाबरोबरच्या करारापायी हे दुःख आलं, तोच देश ते गुणगुणत होता. ही तारीख मला फार लागते.

१२ ऑगस्ट १९८५ ला टोकियोहून ओसाकाला निघालेलं विमान डोंगरावर कोसळलं. ५२० माणसं गेली, त्यांत साकामोतोही होता. वय ४३. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमधल्या अनेक कलाकारांनी एका जाहिरातीत हेच गाणं ओळीओळीने गायलं.

प्रेमभंगाचं गाणं म्हणून याची ओळख झाली ती मुख्यतः 'अ टेस्ट ऑफ हनी' या अमेरिकन गटाच्या १९८१ च्या इंग्रजी आवृत्तीमुळे. तिचे शब्द नव्याने लिहिलेले आहेत, त्यात विरह आहे. ती गोड आहे, पण आधी १९६१ चं मूळ ऐका, शब्दांचा अर्थ समोर ठेवून.