सुक्रालोजमध्ये क्लोरीन असतं, मग ते रोज खाणं सुरक्षित कसं?

तुमच्या बाबांना मधुमेह आहे, ते दिवसातून दोनदा चहात साखरेऐवजी सुक्रालोज या कृत्रिम गोडीची पुडी घालतात, आणि त्यात क्लोरीन असतं हे वाचल्यापासून तुम्हाला धास्ती बसली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी रसायनशास्त्र शिकवते. आईला मधुमेह झाला तेव्हा हाच प्रश्न घेऊन मी बरंच वाचलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

क्लोरीन आहे, हे खरं. साखरेच्या रेणूत आठ हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. त्यांतल्या तिघांच्या जागी क्लोरीनचे अणू बसवले की सुक्रालोज होतं, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस अशा संयुगांवर काम करत होते. एक संयुग तपासायला सांगितलं असताना त्यांनी ते 'चाखून बघ' असं ऐकलं आणि खरंच चाखलं. 'test' (तपासणं) आणि 'taste' (चाखणं) हे दोन्ही इंग्रजी शब्द आपण मराठीत 'टेस्ट' असेच लिहितो, त्यामुळे हा घोटाळा आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही!

क्लोरीनची भीती घालवायला 'मिठातही क्लोरीन असतं की' असं हमखास सांगितलं जातं. मला हे उत्तर पटत नाही. मिठातला क्लोराइड आयन पाण्यात सुटा होतो. सुक्रालोजमधला क्लोरीन कार्बनला घट्ट बांधलेला असतो. डीडीटी या घातक कीटकनाशकातही तो कार्बनलाच बांधलेला असतो. म्हणजे नुसत्या क्लोरीनवरून पदार्थ घातकही ठरत नाही आणि निर्धोकही ठरत नाही. त्या रेणूचं शरीरात पुढे काय होतं, ते बघावं लागतं. डीडीटी चरबीत विरघळतं आणि तिथे साठत जातं. सुक्रालोज पाण्यात सहज विरघळतं. पोटात गेलेल्यापैकी सुमारे ८५ टक्के आतड्यात शोषलंच जात नाही, शौचावाटे बाहेर पडतं. जे थोडं रक्तात उतरतं तेही मुख्यतः लघवीतून निघून जातं. (हा सहजी न तुटणारा रेणू सांडपाणी शुद्धीकरणातूनही बराचसा तसाच सुटतो. पाण्यात सांडपाणी मिसळलंय का हे ओळखायला शास्त्रज्ञ सुक्रालोज मोजतात. पर्यावरणासाठी ही चांगली गोष्ट नाही, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात.)

आता प्रमाण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ११० हून अधिक अभ्यास तपासून १९९८ मध्ये परवानगी दिली आणि रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मर्यादा १५ मिलिग्रॅम आहे. प्राण्यांना ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही, तिचा शंभरावा भाग अशा रीतीने ही मर्यादा काढतात. कडक आकडा धरला तरी ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम चालतात. एका पुडीत साधारण १२ मिलिग्रॅम सुक्रालोज असतं, म्हणजे बाबांच्या पोटात जातात २४. पुडीतला बाकीचा भाग बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे कर्बोदकंच. दोन पुड्यांत ती नगण्य असतात, पण चमचे भरभरून वापरलं तर हिशेबात धरावी लागतात.

इथवर वाचून निश्चिंत होऊ नका, कारण पुढचे दोन मुद्दे मला क्लोरीनपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

पहिला उष्णतेचा. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की १२० अंश सेल्सिअसच्या वर सुक्रालोज हळूहळू विघटित होतं आणि त्यातून क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं तयार होऊ शकतात, त्यांतली काही घातक. उकळता चहा १०० अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे बाबांच्या कपाची काळजी नाही. पण तुम्ही त्यांच्यासाठी सुक्रालोज घालून केक भाजता असंही लिहिलंय. ते मी थांबवेन. त्या संस्थेचाही सल्ला हाच होता, की भाजणं-तळणं झाल्यावर वरून घाला. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना सुक्रालोज बनवताना मधे तयार होणाऱ्या सुक्रालोज-६-ॲसिटेट या संयुगामुळे डीएनएला इजा होताना दिसली. सुक्रालोजच्या काही नमुन्यांत ते अल्प प्रमाणात सापडलंही. हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आहेत, माणसांवरचे नाहीत, त्यामुळे त्यावरून 'सुक्रालोजने कर्करोग होतो' म्हणणं चूक आहे. पण उत्पादनाच्या शुद्धतेवर कडक नजर हवी, हे मात्र त्यातून नक्की निघतं.

दुसरा मुद्दा आतड्यातल्या जिवाणूंचा. शोषलं न गेलेलं ८५ टक्के त्यांच्याच वस्तीतून जातं. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवर प्रयोग केला. एरवी कृत्रिम गोडी न घेणाऱ्या या लोकांतल्या काही गटांना दोन आठवडे सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम किंवा स्टीव्हिया दिलं, तेही मान्य मर्यादेच्या आत. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांत ग्लुकोज प्यायल्यानंतरची रक्तशर्करा जास्त चढली. प्रत्येकात मात्र सारखी नाही. कुणात बरीच, कुणात जवळजवळ नाहीच. जो पदार्थ शर्करा वाढू नये म्हणून घ्यायचा त्याच्याबद्दलचा हा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो. प्रयोग छोटा आणि अल्पकाळाचा होता हे मान्य, पण तो झटकून टाकण्यासारखा नाही.

मे २०२३ मधला जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तुम्ही वाचला असेल: वजन आटोक्यात ठेवायला असे साखरेचे पर्याय वापरू नका. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, असं त्यातच म्हटलंय. त्यामुळे ती बातमी दाखवून बाबांना घाबरवू नका.

दोन पुड्या मी बंद करायला लावणार नाही. साखरेवर परत जाणं त्यांच्यासाठी नक्कीच वाईट. आईसाठी मी केलं ते तुम्हीही करू शकता: दोन आठवडे पुडी घालून आणि दोन आठवडे बिनगोड चहा घेऊन, जेवण आणि औषधं तीच ठेवून, जेवणानंतर दोन तासांची शर्करा घरच्या ग्लुकोमीटरवर रोज मोजायची आणि वहीत लिहायची. आईच्या आकड्यांत फरक दिसला नाही, म्हणून तिची पुडी चालू आहे. बाबांच्या आकड्यांत दिसला, तर ती वही घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा.