केळं, फुगा आणि ओठांची खाज

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. केळं खाल्लं की तिचे ओठ खाजतात, घशात टोचतंय म्हणते. वाढदिवसाला फुगे फुगवतानाही तिचे ओठ सुजले होते. सासूबाई म्हणतात, तिला केळं थंड पडतं. मला कार्बाइडची शंका येते. हिरवी केळी आणून घरीच पिकवली तर? शिवाय सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे, त्यांना केळं द्यावं का?
– एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, फुग्यांचं लिहिलंत हे फार बरं केलंत. रबराच्या चिकातल्या काही प्रथिनांसारखीच प्रथिनं केळ्यात, किवीत, अ‍ॅव्होकाडोत असतात. त्यामुळे रबराची अ‍ॅलर्जी असलेल्या काही जणांना ही फळंही सोसत नाहीत. तुमच्या लेकीचं तसंच असेल असं मी पत्रावरून ठरवणार नाही, पण शंका घ्यायला जागा नक्की आहे. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत केळं बंद, शिकरणही नको आणि रबरी फुगेही नकोत. ‘थोडंसं देऊन बघू’ असं घरात कोणालाही करू देऊ नका. दात दाखवायला न्याल किंवा टाके घालायची वेळ येईल, तेव्हा आधीच सांगा, म्हणजे ते रबराचे हातमोजे वापरणार नाहीत. आणि कधी श्वास लागला, आवाज बसला, चेहरा सुजला, अंगावर गांधी उठून उलट्या झाल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

कार्बाइडनं फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण ही प्रथिनं मुळात फळातच असतात, त्यामुळे घरी पिकवलेल्या केळ्यानंही तिला त्रास होऊ शकतो. बाकीच्यांसाठी जरूर पिकवा. मी रावेरकडची. आमच्याकडे घड हिरवा असतानाच कापतात, झाडावर पिकू दिला तर केळी तडकतात. पुढे बंद खोलीत इथिलीन वायू सोडून तो पिकवतात. त्याला परवानगी आहे, आणि फळ स्वतःही तोच वायू सोडत असतं. म्हणून फणी कागदात गुंडाळून सोबत एक पिकलेलं सफरचंद ठेवलं की काम होतं. साल पिवळी आणि देठ हिरवा दिसला की लोक लगेच ‘कार्बाइड!’ म्हणतात. इथिलीननं पिकवलेल्या केळ्याचा देठही सुरुवातीला हिरवाच असतो, त्यावरून काही ठरवू नका. हिरवी केळी फ्रिजमध्ये टाकू नका, गारठ्यानं ती नीट पिकत नाहीत. पिकल्यावर ठेवलीत तर चालेल. साल काळी पडते, आतला गर चांगला राहतो.

सासऱ्यांचं उत्तर त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये आहे. 100 ग्रॅम केळ्यात साधारण 350 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि किडनी थकली की ते रक्तात साचून हृदयाला धोका होतो. रिपोर्टमधला पोटॅशियमचा आकडा घेऊन त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणेपर्यंत एकादशीलासुद्धा त्यांच्या ताटात केळं नको.