‘तब्येत सुधारली’, ‘अतिवजन’ आणि ‘स्थूल’

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: आईची उंची १६० सेंटिमीटर, वजन ६५ किलो. एका तपासणीत ‘ओव्हरवेट’ लिहून आलं, दुसरीत ‘ओबीज’. मराठीत दोन्हीला लठ्ठच म्हणायचं ना?

नाही. ओव्हरवेट म्हणजे अतिवजन, ओबीज म्हणजे स्थूल. स्थूलता ही पुढची पायरी. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. तुमच्या आईचा साधारण २५.४ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण पट्टीत २५ पासून अतिवजन आणि ३० पासून स्थूलता धरतात. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी या रेषा २३ आणि २५ वर आणल्या, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते, तीही पोटात, आणि मधुमेह लवकर गाठतो. दोन्ही कागद खरे, पट्ट्या वेगळ्या.

‘लठ्ठ’ हा डोळ्यांनी दिलेला शेरा आहे. तो पगारालाही लागतो. ‘जाड’ पुस्तकालाही चालतो, आणि ‘वजनदार’ म्हटलं तर मंत्रीच आठवतो! कोकणीतला ‘मोटो’ही दिसण्यावरच बोलतो. ‘स्थूल’ मात्र वैद्यकात जुना. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २१ व्या अध्यायात, अतिस्थूल माणसाचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांत पहिला आयुष्य घटण्याचा. तिथे कारण म्हणून मेद येतो, म्हणून ‘मेदवृद्धी’ हा शब्द मला ‘अतिवजना’पेक्षा नेमका वाटतो. नुसतं वजन पैलवानाचंही जास्त भरतं; बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

खरी अडचण आपल्या कौतुकाच्या शब्दांची आहे. लग्नानंतर मुलगी जरा भरली की ‘सासर मानवलं’, मुंबईहून चतुर्थीला आलेल्या भाच्याचे गाल वर आले की ‘तब्येत सुधारली’. अन्नाची ददात होती तेव्हा हे बरोबरच होतं. आता आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. सुधारलेल्या तब्येतीची साखर एकदा तपासलेली बरी.

उलट ‘पोट सुटणं’ हा घरगुती प्रयोग डॉक्टरांच्या अगदी जवळ जातो. आतड्यांभोवतीची चरबी यकृताला आणि इन्सुलिनच्या कामाला बाधते, रक्तदाब वाढवते. मांड्यांवरची त्या मानाने निरुपद्रवी.

तेव्हा आईला ‘लठ्ठ’ म्हणू नका, ‘वजन थोडं वाढलंय, कंबर मोजूया’ म्हणा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेषा. फीत शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, साडीच्या निऱ्यांवरून नव्हे.