खुराड्यातला इल्टिस आणि १ ऑगस्टची तारीख

प्रश्न : ताई, लग्नानंतर मी उत्तर जर्मनीतल्या एका खेड्यात राहते. मे महिन्यात एका रात्रीत आमच्या तीन कोंबड्या मेल्या. शेजारच्या आजोबांकडे शिकारीचा परवाना आहे. ते म्हणाले, "हा इल्टिसचा, म्हणजे युरोपीय पोलकॅट या मुंगसासारख्या लांबट शिकारी जनावराचा उद्योग. १ ऑगस्टला हंगाम उघडला की बघतो त्याच्याकडे." आपल्याकडे जंगली जनावराला हात लावायची सोय नाही आणि इथे शिकारीच्या तारखा ठरलेल्या! हे कायदेशीर आहे का? आणि मी काय करू?

उत्तर : हो, कायदेशीर आहे. आपला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीला जवळपास पूर्ण बंदी घालतो. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी बांधलेला आहे. इल्टिसचा देशपातळीवरचा हंगाम १ ऑगस्ट ते २८ फेब्रुवारी. राज्यं तो कमी करू शकतात, बारा महिने बंदही ठेवू शकतात. म्हणून आधी तुमच्या जिल्ह्याच्या शिकार खात्याला फोन करा. शिवाय घर, अंगण आणि कुंपणातली बाग या जागांत खास परवानगीशिवाय शिकार चालत नाही. आजोबांना तशी परवानगी नसताना तुमच्या खुराड्याशी बंदूक घेऊन बसता येणार नाही.

आता १ ऑगस्टबद्दल. ही तारीख मला पटत नाही. इल्टिसची मादी साधारण बेचाळीस दिवस गाभण असते, पिल्लं बहुतेक मे-जूनमध्ये जन्मतात आणि तीनेक महिने आईबरोबर राहतात. म्हणजे जूनमधलं वेत ऑगस्टच्या सुरुवातीला आईवरच अवलंबून असतं. पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या जनावराला मारायचं नाही, असं तिथल्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पण क्षणात मारणारा सापळा आई कोण, हे कुठे बघतो? असे सापळे देशपातळीवरच्या कायद्यात बसतात, काही राज्यांत मात्र त्यांना बंदी आहे. फास तर देशभर बेकायदा आहे. आजोबांना पकडायचंच असेल तर जिवंत पकडणारी पेटी लावा म्हणावं. आत मादी निघाली तर पोटाखालची थानं बघावीत. भोवतालचे केस झिजलेले असले तर ती दूध पाजतेय, तिला तिथल्या तिथे सोडून द्यावं.

तेही पुढचं झालं. आधी चोर कोण ते नक्की करा. तिकडे स्टोन मार्टेन म्हणून एक भाऊबंद आहे. तो पक्का चढणारा, छपराच्या फटीतून येतो, गळ्यावर पांढरा पट्टा. त्याचा हंगाम १६ ऑक्टोबरला उघडतो. इल्टिस जमिनीवरचा, चढण्यात कच्चा. तोंडाभोवती आणि कानांच्या कडांना पांढरं, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि गडद केसांतून पिवळट लव डोकावते. चोर आत शिरला तो जमिनीलगतच्या फटीतून असेल, तर संशय इल्टिसवर. तीन कोंबड्या एकदम गेल्या यावरून त्याला क्रूर समजू नका. कोंडलेली कोंबडी फडफडत राहते, पळू शकत नाही, आणि समोर हालचाल आहे तोवर तो पकडतच राहतो.

त्याचं खरं खाणं बेडूक, उंदीर, घुशी, ससे. बेडकाच्या मानेत चावा घेऊन त्याला लुळं करतो आणि बिळात जिवंत साठवून ठेवतो. ओढे-तळी बुजली, बेडूक गेले, तसा तोही कमी झाला. जर्मनीच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या नोंदीत, तो धोक्यातला म्हणून नोंदला गेलाय. अशा जनावराला सात महिन्यांचा हंगाम हवाच कशाला, असं मला मनापासून वाटतं.

कोंबड्यांसाठी जाड, वेल्ड केलेली जाळी घ्या. भोकं दोन सेंटीमीटरच्या आत हवीत आणि जाळी वीतभर जमिनीत गाडा. साधी कोंबड्यांची जाळी पुरत नाही. अंधार पडायच्या आत दार बंद करा, दाराखालची फट फळीने बुजवा. आणि गोठ्यात उंदरांना विष घालत असाल तर थांबवा. विष खाल्लेला उंदीर खाऊन इल्टिसही मरतो, आणि मग उंदीर धरायला तुमच्याकडे मांजरच काय ते उरेल.