मेक्सिकोच्या बंदरात काय मिळतं आणि काय आधीच भरून न्यावं

तू विचारलंयस की थर्ड ऑफिसर म्हणून पहिलाच मोठा टँकर मिळालाय, मेक्सिकोच्या आखातातल्या कायो आर्कासला माया क्रूड (मेक्सिकोचं जड कच्चं तेल) भरून जामनगरला यायचंय, तर तिथे रसद, डॉक्टर, शोअर लीव्ह (किनाऱ्यावर उतरायची सुट्टी), फोन यातलं काय मिळेल. शिवाय मावसभाऊ कंटेनर जहाजावर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मान्सानियोला निघालाय, त्याला काय सांगू. या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांपासून फार लांबची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायो आर्कासला धक्का नाही, गाव नाही, गेट नाही. कांपेचेच्या उपसागरात किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत पोवळ्याची दोनतीन चिमुकली बेटं आहेत आणि त्यांच्या आसपास समुद्रात तेल भरायचे बोये आहेत. समुद्रातल्या विहिरींचं तेल पाइपलाइनने तिथवर येतं. जहाज त्या बोयाला नाकाने बांधायचं, तरंगते होज (जाड रबरी नळ) मॅनिफोल्डला, म्हणजे जहाजाच्या पाइपांच्या तोंडांना, जोडायचे आणि भरायला सुरुवात. त्यामुळे 'सुविधा' म्हणजे मूरिंग मास्टर (जहाज बोयाला बांधून घेणारा जाणकार), होज जोडणारी माणसं, टग (जहाज ओढणारी बोट) आणि लाँच (ने-आण करणारी लहान बोट). भाजीपाला, गोडं पाणी, दवाखाना, दुकान यातलं काहीही तिथे गृहीत धरू नकोस. शोअर लीव्हचा तर प्रश्नच येत नाही.

ही गोष्ट चीफ कुक आणि कॅप्टन दोघांशी आधीच बोलून घे. भरलेला व्हीएलसीसी (तुझ्यासारखा प्रचंड मोठा टँकर) सुवेझमधून येत नाही, आफ्रिकेला वळसा घालूनच येतो. म्हणजे महिन्याच्या वर सलग समुद्र. रसद घ्यायची ती मेक्सिकोत पोहोचण्याआधी, बहुतेकदा अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टनच्या बाहेर नांगरावर असताना. परतीच्या वाटेवर केप टाउनच्या बाहेर चालत्या जहाजाला लाँचने ताजी भाजी, सुटे भाग, टपाल देतात, तो दुसरा आधार. पण तिथे हवामान खवळलेलं असलं तर लाँच येत नाही, म्हणून तांदूळ, डाळ, पीठ आणि औषधं केपच्या भरवशावर ठेवायची नाहीत. कुणाला दाताचं दुखणं, साखर, रक्तदाब असेल तर तेही आधीच मार्गी लावायचं. कांपेचेच्या उपसागरात कुणाची तब्येत गंभीर झाली तर माणूस सिउदाद देल कार्मेनला न्यावा लागतो. समुद्रातल्या तेलक्षेत्राचा सगळा पुरवठा त्या गावातून चालतो, पण तिथलं बंदर उथळ आहे. तुझं जहाज तिथे जाणार नाही, जाईल तो फक्त माणूस, लाँचने नाहीतर हेलिकॉप्टरने.

आता बोयावरचं काम, कारण तुझी वॉच (पहाऱ्याची पाळी) तिथेच जाणार आहे. बांधताना लाँच पिकअप रोप (आधी आत ओढायचा हलका दोर) आणून देते, तो फेअरलीडमधून, म्हणजे कडेच्या दोर-वाटेतून, ओढत ओढत शेवटी चेफ चेन (बोयाच्या दोराच्या टोकाची साखळी) आत येते आणि ती बो स्टॉपरमध्ये, म्हणजे नाकावरच्या साखळी-पकडीत, अडकते. चेन स्टॉपरमध्ये नीट बसली, पिन लागली, हे मूरिंग मास्टरचा माणूस पाहीलच, तरी तूही स्वतः वाकून बघ. मागे टग दोर धरून जहाजाला बोयावर चढू देत नाही. वारा आणि प्रवाह यांची तोंडं वेगळी झाली की जहाज बोयाकडे सरकायला लागतं आणि रात्री ते पटकन लक्षात येत नाही, म्हणून पुढे सतत एक माणूस हवाच. माया क्रूड जड आहे, एपीआय (आकडा जितका लहान तितकं तेल जड) 22 च्या आसपास, आणि गंधक 3 टक्क्यांच्या वर. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा मीटर खिशात नाही, छातीवर लावायचा, चालू आहे हे बघून. सॅम्पल घेताना आणि अलेज (टाकीत तेलाच्या वर उरलेली मोकळी जागा) बघताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. यात कुणीही, अगदी मूरिंग मास्टरने घाई केली तरी ऐकायचं नाही.

तिथली दुसरी सत्ता म्हणजे 'नोर्ते'. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत उत्तर अमेरिकेतून थंड हवेचे लोट आखातात उतरतात. आधी दक्षिणेकडून गरम, दमट वारा सुटतो, बॅरोमीटर खाली जातो, मग अचानक वारा उत्तरेला फिरतो आणि 40 नॉटच्या वर जातो. फ्रंट निघून गेल्यावर आकाश निळंभोर होतं आणि वारा मात्र तसाच राहतो. अशा वेळी होज काढून, बोया सोडून बाहेर थांबावं लागतं, म्हणून बोयावर असताना मेन इंजिन तयारच ठेवतात. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा मोसम, म्हणजे वर्षातले निवांत महिने फारच थोडे.

बंदर बंद करण्याचा अधिकार कॅपितानिया दे पुएर्तो या कार्यालयाचा. 2021 पासून ही कार्यालयं मेक्सिकन नौदलाच्या हाताखाली आहेत. बंदी आधी लहान बोटींना लागते, मग मोठ्या जहाजांना. हे ध्यानात ठेवायचं कारण असं की लहान बोटींना बंदी लागली की लाँच बंद होते. मोठ्या जहाजांना अजून परवानगी असते, पण नांगरावर असलास तर रसद येत नाही आणि गावात गेलेली माणसं धक्क्यावर अडकतात. व्हीएचएफ रेडिओवर स्पॅनिशमध्ये 'पुएर्तो सेर्रादो' (बंदर बंद) ऐकू आलं की लगेच एजंटला, म्हणजे जहाजाच्या बंदरातल्या प्रतिनिधीला, फोन लावायचा.

दोस बोकास या दुसऱ्या तेलबंदरालाही क्रूड भरणं समुद्रातल्या बोयांवर, पण किनारा जवळ आहे. ओल्मेका रिफायनरी तिथेच उभी राहिली, दिवसाला 3,40,000 बॅरलची, जुलै 2022 मध्ये उद्घाटन झालं. पेमेक्सला (मेक्सिकोची सरकारी तेल कंपनी) आता आपलं क्रूड देशातच शुद्ध करायचंय, आणि जुनी क्षेत्रंही आटत चाललीत. कांतारेल हे कांपेचेच्या उपसागरातलं, एका मच्छीमाराच्या नावाचं क्षेत्र. त्याला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला होता. 2004 च्या सुमाराला तिथून दिवसाला 20 लाख बॅरलच्या वर तेल निघायचं, आता त्याचा लहानसा अंश उरलाय. त्यामुळे माल तयार नाही म्हणून नांगरावर थांबायची तयारी ठेव.

कोआत्साकोआल्कोसला, म्हणजे पाहारितोसच्या धक्क्यांना, लहान टँकर जातात. तिथे मात्र खरं बंदर आहे: नदीच्या मुखातून आत जायचं, धक्क्याला बांधायचं, गाव समोर. तिथून रेल्वेने सुमारे 300 किलोमीटरवर पॅसिफिक किनाऱ्याचं सालिना क्रूझ. पनामा कालवा व्हायच्या आधी, 1907 मध्ये, हा मार्ग दोन महासागरांमधल्या मालासाठी सुरू झाला होता आणि आता तो पुन्हा उभा करतायत. सालिना क्रूझला कधी गेलास तर तेवांतेपेकचा वारा लक्षात ठेव. आखातातला नोर्ते तिथल्या डोंगराच्या खिंडीतून नळीतून फुंकल्यासारखा पॅसिफिकवर सुटतो. अनुभवी कॅप्टन तिथे मुद्दाम किनाऱ्याला चिकटून जातात, कारण वारा जमिनीवरून येत असल्याने किनाऱ्याजवळ लाट उभी राहायला जागाच मिळत नाही. चार्टवर उथळ जागा बघून हे करायचं, पण करायचं.

आखाताच्याच किनाऱ्यावरच्या तुश्पानला पेट्रोल-डिझेल उतरवतात, ते पाइपलाइनने मेक्सिको सिटीला जातं.

मावसभावाचं काम सोपं आहे. मान्सानियो हे देशातलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर, वर्षाला 30 लाख टीईयूच्या (वीस फुटी कंटेनरच्या हिशोबाने) वर. पाणी, रसद, बंकर (जहाजाचं इंधन), दुरुस्ती, डॉक्टर, क्रू चेंज, सगळं मिळतं, फक्त एजंटमार्फत. परदेशी जहाजाला तिथे एजंट असावाच लागतो आणि आरोग्य, इमिग्रेशन, कस्टम्स, कॅपितानिया यांच्याकडचे सगळे कागद त्याच्याच हातून फिरतात. म्हणून मागणीची यादी पोहोचण्याच्या निदान चारपाच दिवस आधी पाठवायला सांग. भरती-ओहोटी नाममात्र, मुंबईसारखी गँगवे (जहाजावर चढायची शिडी) सारखी वरखाली करायची कटकट नाही. कटकट आहे ती गर्दीची. बाहेर नांगरावर जहाजं, गेटवर ट्रकच्या रांगा. मे 2025 मध्ये कस्टम्सच्या कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं तेव्हा सगळंच तुंबलं होतं. लासारो कार्देनास त्यामानाने मोकळं आणि खोल. ज्या राष्ट्राध्यक्षाने 18 मार्च 1938 ला तेल उद्योग सरकारच्या ताब्यात घेतला, त्याचं नाव त्या बंदराला आहे.

पॅसिफिकच्या या दोन्ही बंदरांत अमली पदार्थांची भीती खरी आहे. गँगवे वॉच नावापुरती ठेवायची नाही, प्रत्येक माणसाची नोंद आणि पिशवीची तपासणी झालीच पाहिजे. सुटण्याआधी रडर ट्रंक (सुकाणूच्या वरची पोकळी), पेंट स्टोअर, मोकळ्या जागा स्वतः टॉर्च घेऊन बघायच्या आणि कंपनीने पाणबुड्याकडून तळाची तपासणी ठेवली असेल तर ती पूर्ण झाल्याशिवाय दोर सोडायचे नाहीत. कांपेचेच्या उपसागरात पुरवठा बोटींवर आणि प्लॅटफॉर्मवर सशस्त्र चोऱ्या झाल्या आहेत, तेव्हा नांगरावर असताना रात्री डेकवर पुरेसा उजेड आणि फिरती गस्त हवी.

कचऱ्याचं दोघांनीही लक्षात ठेवा. मेक्सिकोचं आखात आणि कॅरिबियन हा मार्पोल या समुद्र-प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाखाली 2011 पासून विशेष भाग आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरासुद्धा बारीक केल्याशिवाय आणि किनाऱ्यापासून 12 मैल गेल्याशिवाय टाकता येत नाही. कचरा किनाऱ्यावर दिलास तर पावती घे, पुढच्या बंदरात ती मागतात. गॅल्व्हेस्टनकडून खाली येताना इंधन बदलायची वेळही लॉगमध्ये चोख हवी, कारण अमेरिकेच्या हद्दीत 0.1 टक्का गंधकाचा नियम आहे.

अमेरिकेतून विमान बदलून जाणार असाल तर सीवन-डी (जहाजावरच्या माणसांचा अमेरिकन) व्हिसा लागेलच. त्याच्या जोडीला एजंटचं रुजू होण्याचं पत्र छापून जवळ ठेवा, फक्त मोबाइलमध्ये नको.

फोनचं विचारलंस. कायो आर्कासला मोबाइलची रेंज धरून चालू नकोस, जहाजाच्या सॅटेलाइटवरच भागवायचं. मान्सानियोत गावात सिमकार्ड मिळतं. मेक्सिकोने 2022 मध्ये घड्याळं पुढेमागे करणं बंद केलं, त्यामुळे या सगळ्या बंदरांपेक्षा भारतात आपण बारा महिने साडेअकरा तास पुढे. तू रात्री आठची वॉच घेण्याआधी साडेसातला फोन केलास तर घरी सकाळचे सात वाजलेले असतील.